दोघांना पुरणारे हात

गेल्या वर्षी चैत्रातील एका सकाळी मी मोटारसायकलवरून पडलो. मोठा अपघात म्हणावा असे त्यात काही नव्हते. औषधाच्या दुकानातून घरी परतत होतो आणि वेग जेमतेम सायकलचा असेल. नागपुरातील आमच्या वस्तीत कुठे ना कुठे घराचे बांधकाम चालू असते आणि रेतीचा ढीग रस्त्याच्या कडेला पडलेला असतो. त्यातली मूठभर रेती सिमेंटच्या रस्त्यावर पसरली होती. वळणावर मी पुढचा ब्रेक दाबला, चाक सरकले आणि काय घडते आहे ते कळण्यापूर्वीच मी दोन्ही तळहातांवर आपटलो. डोक्यावर हेल्मेट होते. ते जमिनीला टेकलेसुद्धा नाही. पायांत जाड तळाचे बूट होते. उघडे होते ते फक्त हात.

पडणारा माणूस हात पुढे करतो. हे तो ठरवून करीत नाही. शरीरच डोके व छाती वाचवण्यासाठी हातांना पुढे ढकलते. त्यामुळे उंचीवरून नव्हे, नुसते उभ्याने पडले तरी तळहात सोलवटतात आणि मनगटाला मार बसतो. दवाखान्यात परिचारिकेने माझ्या तळव्यांत रुतलेले रेतीचे कण सलाइनने धुऊन, चिमट्याने एकेक करून काढले. तळहाताची कातडी जाड असते खरी, पण तिच्याखाली संवेदनेच्या तंतूंचे दाट जाळे असते, हे त्या पंधरा मिनिटांत मला कोणी समजावून सांगण्याची गरज उरली नाही. धनुर्वाताचे इंजेक्शन झाले. मग डॉक्टरांनी माझा उजवा अंगठा ताणायला लावला आणि त्याच्या मुळाशी, मनगटालगत जो छोटासा खळगा दिसतो, तिथे बोटाने दाबले. मी कळवळलो.

एक्स-रेमध्ये काही दिसले नाही. तरीही त्यांनी प्लास्टर घातले. त्या खळग्याखाली स्कॅफॉइड नावाचे लहानसे हाड असते. त्याची चीर पहिल्या एक्स-रेमध्ये पुष्कळदा दिसत नाही आणि त्याचा रक्तपुरवठा असा अवघड वाटेने होतो, की दुर्लक्ष झाले तर ते जुळता जुळत नाही. म्हणून शंका असेल तर हात बांधून ठेवायचा आणि दहा-चौदा दिवसांनी पुन्हा पाहायचे. ही गोष्ट मी मुद्दाम सविस्तर लिहितो आहे, कारण ‘फोटोत काही नाही’ एवढ्यावर आपण निश्चिंत होतो आणि दुखणे मुरगळण्याच्या खात्यावर टाकतो.

डॉक्टरांनी विचारले, “घरी कोण असते?” मी म्हणालो, “पत्नी आहे.” ते म्हणाले, “मग बरे झाले. त्या करतील सारे.” मी काही बोललो नाही.

चार वर्षांपूर्वी माझ्या पत्नीला अर्धांगवायूचा झटका आला. वाचा परत आली, आधाराने चालणे परत आले. उजवा हात मात्र अजून पुरता परतलेला नाही. तेव्हापासून आमच्या घरात दोन माणसे आणि तीन हात, असा हिशेब आहे. तिला उठवून बसवणे, दात घासण्याच्या ब्रशवर पेस्ट घालून देणे, आंघोळ, वेणी, ब्लाउजची हुकं, कणीक भिजवणे, गोळ्यांची पाकिटे फोडणे, ही सारी कामे माझे हात करीत आले. आजारी माणसाची शुश्रूषा मनाने होते असे आपण म्हणतो. ती प्रत्यक्षात हातांनी होते, हे मी हात गमावल्यावर शिकलो.

त्या रात्री आम्ही दोघे जेवायला बसलो. शेजारणीने मऊ खिचडी आणून दिली होती. माझा उजवा हात प्लास्टरमध्ये आणि डावा पट्टीत गुंडाळलेला. चमचा धरवेना. पत्नीने काही वेळ पाहिले. मग ताट आपल्याकडे ओढले आणि डाव्या हाताने पहिला घास माझ्या तोंडाशी आणला. अर्धा घास माझ्या सदऱ्यावर सांडला. “अहो, हलू नका ना,” ती म्हणाली आणि आम्ही दोघेही हसलो. ते हसू खरे होते. पण रात्री दिवा मालवल्यावर मला झोप लागली नाही. तिला मध्यरात्री न्हाणीघरात जायचे असते. त्या वेळी तिला धरणार कोण, हा प्रश्न छताकडे पाहत मी पहाटेपर्यंत मनात घोळवीत होतो.

दुसऱ्या दिवशी धाकटी बहीण वर्ध्याहून आली आणि तीन आठवडे राहिली. पुढचा एक्स-रे स्वच्छ निघाला, प्लास्टर सुटले. तळव्यांवर गुलाबी, चकचकीत, ताणलेली कातडी आली. मला मधुमेह नाही, रक्त पातळ करणारी गोळीही चालू नाही, म्हणून जखमा वेळेत भरल्या. ज्यांना यांपैकी काही आहे त्यांची जखम अधिक दिवस घेते किंवा अधिक वाहते. वयानुसार हाताच्या पाठीची कातडी तर कागदासारखी पातळ होत जाते. तिला नुसते खरचटणे पुरते.

बहिणीला न्यायला तिचा मुलगा आला. तो मोटारसायकलवरून दूरदूर भटकणारा, चिखलदऱ्याचा घाट त्याच्या अंगवळणी पडलेला. माझे तळवे उलटेसुलटे करून पाहत तो म्हणाला, “मामा, हातमोजे का घालत नाही तुम्ही?”

“या उन्हाळ्यात?” मी म्हणालो. नागपूरकराला दुसरे उत्तर सुचणे शक्य नव्हते. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांपलीकडे जातो. नवतपाच्या दिवसांत तर दुपारी दाराची कडी हाताला चटका देते. अशा हवेत चामड्यात हात कोंबायचा म्हणजे जाणूनबुजून भट्टीत हात घालणे, अशीच माझी समजूत होती.

खरे तर आमच्या गावात उन्हाळ्यात हातमोजे घालणारे थोडे नाहीत. तोंडाला दुपट्टा, अंगात सनकोट आणि हातांत कोपरापर्यंतचे सुती मोजे घातलेल्या मुली-बायका इथल्या प्रत्येक चौकात दिसतात. ते मोजे उन्हापासून रक्षण करतात आणि ते कामही मोलाचे आहे. पण खडबडीत सिमेंटवर हात घासला गेला तर सुती विणकर एका क्षणात फाटते. ऊन आणि रस्ता हे दोन वेगळे शत्रू आहेत. मला दोघांशी एकाच वेळी निभावणारे काही हवे होते.

भाच्याने समजावले ते असे. रस्त्यावर घासले जाण्याला उत्तम तोंड देते ते कमावलेले चामडे. गाईम्हशीचे चामडे जाड आणि दणकट असते. शेळीचे पातळ, लवचीक आणि पातळपणाच्या मानाने चिवट. उन्हाळ्यासाठी शेळीचे चामडे सोयीचे, कारण हाताला लिव्हर, बटणे, किल्ली यांचा अंदाज त्यातून चांगला येतो. अशा मोज्यांत बोटांच्या पाठीवर व पंजाच्या वरच्या बाजूला बारीक छिद्रे पाडलेली असतात. गाडी चालू असली की त्यांतून वारा शिरतो. तळहाताचे चामडे मात्र अखंड आणि मोक्याच्या जागी दुहेरी असते, कारण जमिनीला भिडायचे असते ते त्यानेच.

आम्ही दोघे दुकानात गेलो. किंमत अडीच हजारांच्या घरात ऐकून मी मागे फिरणार होतो. भाच्याने फक्त विचारले, “मामा, तुमच्या मलमपट्टीला किती लागले?” मी थांबलो. बहिणीने आपले घर सोडून इथे काढलेले तीन आठवडे तर त्या हिशेबात धरलेच नव्हते.

दुकानातला तो एक तास मला पुष्कळ काही शिकवून गेला. वाचकांपैकी कोणी स्वतः गाडी चालवीत असेल, किंवा घरातले साठीपलीकडचे माणूस चालवीत असेल, तर त्यांना उपयोगी पडेल म्हणून सांगतो. अंगठा सोडून, तळहाताच्या सर्वांत रुंद भागाभोवती, मुठीच्या गाठींवरून शिंप्याची टेप फिरवावी आणि त्या मापाने सुरुवात करावी. पण अखेरचा निर्णय हातानेच करायचा. मोजा घालून मूठ वळावी, जणू हँडल धरले आहे. तळहाताशी चामड्याची चुणी गोळा होत असेल तर तो मोजा सैल. तासाभराच्या प्रवासात ती चुणी टोचू लागते. बोटांच्या टोकांना चामडे ताणून बसत असेल किंवा मुंग्या येत असतील तर तो घट्ट. संधिवाताने सुजणाऱ्या बोटांना सकाळी बसणारा मोजा दुपारी बसेलच असे नाही, म्हणून अशा माणसाने हात सुजलेले असतील त्या वेळीच खरेदीला जावे. मधुमेहामुळे ज्यांच्या हातांची संवेदना कमी झाली आहे त्यांनी घरी आल्यावर मोजे काढून कुठे लाल वळ उठला आहे का ते डोळ्यांनी पाहावे. हात त्यांना सांगणार नाही.

मोजा उलटा करून आत बोट फिरवले तर शिवणीची जाड कड लागते का ते कळते. चांगल्या मोज्यांत बोटांच्या टोकांची शिवण बाहेरच्या बाजूला घेतलेली असते. अस्तर सैल असेल तर घामेजलेला हात काढताना ते हाताबरोबर बाहेर येते आणि पुन्हा आत बसवताना म्हाताऱ्या बोटांची परीक्षा होते. मनगटावरचा पट्टा हा सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महत्त्वाचा भाग. तो नसेल किंवा सैल असेल तर पडण्याच्या झटक्यातच मोजा हातातून निघून जातो आणि उरतो तो उघडा तळवा. पट्टा बांधून मोजा बोटांकडून ओढून पाहावा. तो निघता कामा नये.

मनगटालगतच्या, तळहाताच्या फुगीर भागावर काही मोज्यांना कठीण, गुळगुळीत तुकडा बसवलेला असतो. मला तो शोभेचा वाटला होता. त्याचे काम हात रस्त्यावर घसरू देण्याचे असते. उघडा तळवा किंवा मऊ रबर रस्त्याला धरून बसते. हात जागीच अडकतो आणि मागून येणारा सारा भार मनगटावर पडतो. हात घसरला तर तो भार थोडा विभागला जातो. मुठीच्या गाठींवरचे कवच मोटारीच्या आरशाशी किंवा दुभाजकाशी होणाऱ्या टकरीसाठी असते. मोज्यांच्या आत चिठ्ठी शिवलेली असेल तर तीही वाचावी. ‘ईएन १३५९४’ हा मोटारसायकलच्या हातमोज्यांचा युरोपीय मानक आहे. त्याच्या चाचणीत तळहाताचे चामडे फिरत्या खरखरीत पट्ट्यावर टेकवतात. पहिल्या पातळीच्या मोज्याने निदान ४ सेकंद आणि दुसऱ्या पातळीच्या मोज्याने निदान ८ सेकंद टिकायचे असते. चार सेकंद ऐकून मला हसू आले होते. पण मी पडून थांबेपर्यंत तेवढाही वेळ गेला नव्हता.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमाने हेल्मेट सक्तीचे केले आहे. हातमोज्यांची अशी सक्ती नाही. त्यामुळे इथे माणसाला स्वतःच स्वतःचा पोलीस व्हावे लागते, आणि उन्हाळ्यात हा पोलीस फार लवकर विरघळतो. दुकानात मी आधी जाड चामड्याचा, भक्कम, सर्वांत सुरक्षित दिसणारा जोड उचलला होता. भाच्याने तो हातातून काढून घेतला. “हा तुम्ही आठ दिवस घालाल, मग डिकीत टाकाल. डिकीतला मोजा काय कामाचा?”

या एका वाक्यात मला सारे मर्म सापडले. आमच्या पिढीला सुख आणि सुरक्षा या वेगवेगळ्या गोष्टी वाटतात. कडू औषधच गुणकारी, असा आमचा पिंड. पण जे रोज अंगावर घालायचे आहे ते सुखाचे नसेल तर ते अंगावर राहत नाही, मग ते कितीही भक्कम असो. पत्नीच्या पायातील आधारपट्टीचेही असेच झाले होते. पहिली टोचत होती म्हणून कपाटात पडून राहिली. दुसरी मऊ अस्तराची आणली, ती आजही तिच्या पायात आहे. मी बारीक छिद्रांचे, शेळीच्या चामड्याचे, मनगटाशी रुंद तोंड आणि वेल्क्रोचा पट्टा असलेले, फिक्या रंगाचे मोजे घेतले.

आता उन्हाचे. छिद्रांच्या मोज्यांत हात थंड राहतो असे मी म्हणणार नाही. सिग्नलला थांबलो की वारा थांबतो आणि घाम तळव्यांत साचतो. पण एक गोष्ट अनुभवाने पटली आणि पुढे तिचे कारणही उमगले. आपल्या त्वचेचे तापमान साधारण ३५ अंशांच्या आसपास असते. हवा त्याहून थंड असेल तर उघड्या हातावरचा वारा सुखावतो. हवाच ४३-४४ अंशांची झाली की तोच वारा हाताला उष्णता देऊ लागतो. मग आपल्याला निववते ते केवळ घामाचे वाळणे. उघड्या हातावरचा घाम त्या झळांत पाहता पाहता उडून जातो आणि कातडी भाजत राहते. छिद्रांच्या चामड्याखाली सावली असते आणि घाम सावकाश वाळतो. वैशाखात अकराच्या उन्हात हँडल धरताना उघड्या हातांपेक्षा मोज्यांतले हात मला कमी पोळलेले वाटले. अर्थात खरा उपाय वेगळाच आहे: दुपारी बारा ते चार या वेळात गाडी बाहेर काढायचीच नाही. हा नियम मी मोज्यांच्याही आधी पाळतो. निघण्यापूर्वी पाणी पितो आणि घामेजलेल्या हातांनी मोजे घालीत नाही. हात धुऊन, पुसून मगच घालतो.

चामड्याची निगा सोपी आहे, पण नियमित करावी लागते. घरी आल्यावर मोजे सावलीत, वाऱ्यावर, तोंड उघडे ठेवून सुकवायचे. कडक उन्हात वाळवले तर चामडे ताठरते आणि भेगाळते. घामाचे क्षार साचू नयेत म्हणून आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने आतून-बाहेरून पुसायचे. पावसाळ्यात बंद डिकीत ठेवले तर बुरशी धरते. मग तेच मोजे हातांना खाज आणतात. चामडे कमावताना वापरलेल्या क्रोमियमच्या क्षारांची काहींच्या त्वचेला वावडे असते. पुरळ उठले तर ‘घामोळे असेल’ म्हणून सोडून देऊ नये, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

मोजे म्हणजे कवचकुंडले नव्हेत, हेही सांगितले पाहिजे. ते कातडी वाचवतात. हाड वाचेलच याची हमी देत नाहीत. उतारवयात, विशेषतः स्त्रियांमध्ये, साध्या पडण्याने मनगट मोडणे ही हाडे ठिसूळ झाल्याची पहिली सूचना असू शकते, म्हणून असे झाल्यास हाडांची घनता तपासून घ्यावी. आणि गाडी चालवावी की नाही, हा प्रश्न हातमोजे सोडवत नाहीत. मी डोळे तपासून घेतले. रात्रीचे चालवणे सोडले. मान वळवून मागे पाहता येईनासे झाले, किंवा ब्रेकला हात उशिरा जाऊ लागला, तर किल्ली भाच्याच्या हवाली करायची, असे पत्नीच्या साक्षीने कबूल केले आहे.

तिच्या व्यायामासाठी घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मुलीने एके दिवशी दाराशी ठेवलेले मोजे उचलून पाहिले. वेल्क्रोचा पट्टा दोन-तीनदा करकर उघडला, बंद केला आणि पत्नीसमोर ठेवला. “काकू, हा पट्टा उजव्या हाताने लावायचा. रोज. काका बाहेर निघतील तेव्हा.” तिने सांगितले, की चिमटीत धरणे, ओढणे, नेमक्या जागी दाबणे, या तिन्ही हालचाली त्यात आहेत.

तेव्हापासून मी बाहेर निघण्यापूर्वी तिच्या खुर्चीजवळ हात पुढे करून उभा राहतो. सुरुवातीला डाव्या हाताने उजव्याला उचलून आणावे लागे. पट्टा निसटे, वाकडा बसे. मी घाई करीत नसे. औषधाचे दुकान कुठे पळून जात नव्हते. दिवाळीच्या सुमारास डाव्या मोज्याचा पट्टा तिने पहिल्यांदा कोणाच्या मदतीशिवाय लावला. थोडा सैल होता. मी दाराबाहेर जाऊन, तिच्या नजरेआड तो घट्ट केला.

यंदा चैत्रात तीही गरज राहिली नाही. काल निघताना तिने दोन्ही पट्टे लावले, मोज्याची बोटे धरून एकदा ओढून पाहिली आणि म्हणाली, “निघत नाही. जा आता. आणि ती रेती अजून तिथेच आहे, जपून.”